दीड मिनिटाची कला : २०२४ मधील अ‍ॅनिमेच्या ओपनिंग-एंडिंगविषयी

जपानी दूरचित्रवाणीवरील अ‍ॅनिमे मालिकेचा एक भाग साधारणपणे अर्ध्या तासाच्या वेळेत बसवलेला असतो. जाहिराती वगळल्या की सुमारे २४ मिनिटे उरतात. त्यांतले दीड मिनिट सुरुवातीच्या गाण्याला आणि दीड मिनिट शेवटच्या गाण्याला दिलेले असते. प्रत्येक भागाचा आठवा हिस्सा असा कथेच्या बाहेर, तरीही कथेला लागून उभा असतो. गाणे, चित्रे आणि श्रेयनामावली यांच्या या दोन जोड्यांना जगभरचे चाहते ओपनिंग आणि एंडिंग म्हणतात. मराठी प्रेक्षकांतही हेच शब्द रुळले असल्याने पुढील विवेचनात तेच वापरले आहेत.

दोघांची कामे वेगळी आहेत. ओपनिंग मालिकेचे नाव जाहीर करते, पात्रांची तोंडओळख करून देते आणि प्रेक्षकाला त्या जगाच्या उंबरठ्यावर आणून उभे करते. कित्येक मालिकांत आधी एक छोटा प्रसंग दाखवतात आणि तो ऐन रंगात आला की ओपनिंग सुरू होते. एंडिंगच्या वेळी भाग संपलेला असतो. मनात उरलेली धाकधूक, दुःख किंवा हसू निवायला ती थोडा अवधी देते आणि त्या भागावर राबलेल्या चित्रकारांची नावे पडद्यावर सरकत जातात. मराठी संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला नांदी आणि भरतवाक्य यांची आठवण यातून सहज होईल. मात्र ओपनिंगवर नांदीपेक्षा एक जादा भार असतो. तेच गाणे आणि तीच चित्रे दर आठवड्याला, निदान बारा-तेरा वेळा, त्याच प्रेक्षकासमोर येणार असतात.

या कलेचे मर्म या पुनरावृत्तीत आहे. पहिल्या आठवड्यात ओपनिंगमधले चेहरे अनोळखी असतात. कुणीतरी पावसात पाठमोरे उभे आहे, कुणाच्या हातातून काहीतरी निसटते आहे, एवढेच दिसते. सहाव्या आठवड्यात त्या पाठमोऱ्या माणसाचे नाव कळलेले असते आणि बाराव्या आठवड्यात त्याच्या हातून काय निसटले तेही समजलेले असते. चित्र बदललेले नसते, पाहणाऱ्याची समज वाढलेली असते. एकदा पाहून आवडणारी ओपनिंग पुष्कळ असतात. दर आठवड्याला काहीतरी नवे हाती देणारी थोडी. वर्षभरातल्या चांगल्या ओपनिंग-एंडिंगची निवड करताना हीच कसोटी सर्वांत आधी लावावी लागते.

निर्मितीची रीत

ओपनिंगचे काम बहुधा गाण्यापासून सुरू होते. गायक किंवा बँड मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, अथवा पटकथा वाचून गाणे रचतो. योआसोबी या जोडीने ‘ओशी नो को’ या मालिकेसाठी २०२३ मध्ये रचलेले ‘आयडॉल’ हे गाणे तर मूळ लेखक आका आकासाका यांनी लिहिलेल्या एका लघुकथेवर आधारलेले आहे. पूर्ण गाणे तीन-चार मिनिटांचे असते. प्रसारणासाठी त्याची दीड मिनिटाची आवृत्ती तयार होते. तिच्यात सुरुवातीचे वाद्यसंगीत, एक कडवे आणि ध्रुवपद एवढेच मावते. त्यामुळे सुरावट कुठे चढते आणि कुठे थांबते याचा आराखडा दिग्दर्शकाला आधीच मिळतो.

त्या आराखड्यावर चित्रकथाफलक, म्हणजे स्टोरीबोर्ड, बेततात. मालिकेच्या मुख्य दिग्दर्शकाऐवजी हे काम पुष्कळदा एखाद्या वेगळ्या दिग्दर्शकाकडे सोपवले जाते. सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने दीड मिनिटात २,१६० चौकटी येतात. ढोलाच्या कोणत्या ठोक्यावर दृश्य तोडायचे, मालिकेचे नाव कोणत्या सुरावर झळकवायचे, ध्रुवपदाला पात्रे धावायला लागणार की स्तब्ध होणार, हे सारे चौकटी मोजून ठरते. श्रेयनामावलीची अक्षरे कुठे बसतील याचाही विचार रचनेत करावा लागतो. पुढे मालिकेच्या डिस्कवर आणि निर्मात्यांच्या अधिकृत वाहिन्यांवर अक्षरांविना असलेली आवृत्ती मिळते आणि अक्षरांसाठी राखलेल्या मोकळ्या जागा तिच्यात उघड दिसतात.

ओपनिंगची चित्रे मालिकेतल्या चित्रांपेक्षा पुष्कळदा सरस का असतात, यामागे साधा हिशेब आहे. दूरचित्रवाणीवरील अ‍ॅनिमेत एकच रेखाटन सलग दोन-तीन चौकटींवर वापरून काटकसर करतात. भागातले दृश्य एकदाच दिसते, ओपनिंग मात्र तिमाहीभर दिसत राहते. त्यामुळे दीड मिनिटावर केलेला जादा खर्च बारा भागांत विभागला जातो. निष्णात चित्रकारांना बोलावणे, रेखाटने वाढवणे, एखाद्या हालचालीवर आठवडेच्या आठवडे घालवणे हे सारे इथे परवडते.

एंडिंगचे अर्थकारण बरेचदा उलट असते. सगळे मनुष्यबळ भागांवर आणि ओपनिंगवर गुंतलेले असल्यामुळे कित्येक एंडिंग मोजक्या स्थिरचित्रांवर किंवा एका लांबलचक चित्रावरून सरकत जाणाऱ्या कॅमेऱ्यावर उभारलेली असतात. अशा अटींमुळेच एखाद्या चित्रकाराला एकट्याने पूर्ण एंडिंग करण्याची संधी मिळते. ‘कागुया-सामा’ या मालिकेच्या २०१९ मधील तिसऱ्या भागाला चिका फुजिवारा या पात्राच्या नृत्याची खास एंडिंग जोडलेली होती. प्रत्यक्ष नृत्याच्या चित्रफितीवरून रेखाटने करत तिचे मूळ अ‍ॅनिमेशन नाओया नाकायामा यांनी एकहाती केले. फ्रॉकच्या घेराची लय आणि वळताना किंचित मागे राहणारे केस इतके बारकाईने टिपले आहेत की त्या एका भागापुरतीची ही एंडिंग मालिकेची ओळख होऊन बसली.

साठ वर्षांची वाटचाल

ओसामु तेझुका यांच्या ‘तेत्सुवान आतोमु’चे प्रसारण १ जानेवारी १९६३ रोजी फुजी टीव्हीवर सुरू झाले. परदेशात ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ या नावाने गाजलेल्या या मालिकेने दर आठवड्याच्या अर्ध्या तासाच्या अ‍ॅनिमेचा साचा घालून दिला. आरंभीच्या भागांत तिच्या ओपनिंगला केवळ वाद्यसंगीत होते. नंतर त्या चालीवर शब्द बसवले गेले, आणि ते शुन्तारो तानिकावा या जपानच्या अग्रगण्य कवीचे होते. मुलांच्या कार्यक्रमाच्या गाण्यासाठी इतक्या मोठ्या कवीने लेखणी उचलावी, ही या परंपरेची भाग्याची सुरुवात म्हटली पाहिजे.

सत्तरच्या दशकात अ‍ॅनिमेगीते गाणाऱ्यांचा वेगळा वर्ग तयार झाला. १९७२ च्या ‘माझिंगर झेड’चे इचिरो मिझुकी आणि १९७४ च्या ‘उचु सेनकान यामातो’चे इसाओ सासाकी हे त्यातले अग्रणी. नायकाचे, यंत्राचे किंवा जहाजाचे नाव घोषणेसारखे गाण्यात यायचे आणि चित्रे त्याची ताकद दाखवायची. पडद्यावर काय विकले जाते आहे याबद्दल कसलीही शंका राहत नसे.

ऐंशीच्या दशकात लोकप्रिय संगीताचे कलाकार या क्षेत्रात आले. १९८३ मध्ये आन्री या गायिकेने गायलेले ‘कॅट्स आय’चे शीर्षकगीत जपानच्या ओरिकॉन या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. ‘सिटी हंटर’ने १९८७ मध्ये एंडिंगच्या मांडणीत मोठी सुधारणा केली. टीएम नेटवर्कच्या ‘गेट वाइल्ड’चे सुरुवातीचे सूर भागाच्या शेवटच्या प्रसंगाखालीच वाजू लागत. नायकाचे अखेरचे वाक्य संपते, चित्र गोठते आणि गाणे मोकळे होते. कथा कुठे संपली आणि एंडिंग कुठे सुरू झाली हे सांगता येत नाही. ही युक्ती आजही वापरात आहे. २०१२ च्या ‘जोजो’ मालिकेत यस या ब्रिटिश बँडच्या १९७१ सालच्या ‘राउंडअबाउट’ची गिटार ऐन पेचप्रसंगात अशीच शिरते.

१९९० मध्ये ‘चिबी मारुको-चान’च्या एंडिंगचे ‘ओदोरु पोम्पोकोरिन’ हे गाणे ओरिकॉनच्या वार्षिक यादीत अव्वल ठरले. त्याचे शब्द मूळ मांगाच्या लेखिका मोमोको साकुरा यांचे होते. बालप्रेक्षकांसाठी लिहिलेले गाणे साऱ्या देशाचे होऊ शकते, हे त्यातून सिद्ध झाले. ध्वनिमुद्रण कंपन्या मालिकांत गुंतवणूक करू लागल्या, आणि आपल्या गायकांसाठी दीड मिनिटाची ही जागा त्यांना मोलाची वाटू लागली.

१९९५ च्या ‘निऑन जेनेसिस इव्हेंजेलियन’ने संकलनाची भाषाच पालटली. हिदेआकी आन्नो यांच्या या मालिकेच्या ओपनिंगमध्ये चेहरे, आकृत्या, यंत्रांचे आराखडे आणि जपानी अक्षरे काही चौकटींपुरती चमकून जातात. डोळा त्यांना पकडेपर्यंत पुढचे चित्र आलेले असते. प्रेक्षक ध्वनिचित्रफीत थांबवून एकेक चौकट पाहू लागले, कारण कथेचे संकेत तिथे दडलेले होते. योको ताकाहाशी यांनी गायलेले हे शीर्षकगीत जपानमध्ये पिढ्या ओलांडून गायले जाते. १९९८ च्या ‘काउबॉय बीबॉप’ने दुसरे टोक गाठले. योको कान्नो यांच्या ‘टँक!’ या जॅझ रचनेवर सपाट रंगांचे पट्टे, काळ्या छायाकृती आणि धावती अक्षरे एवढ्याच साहित्यातून अख्ख्या मालिकेचा बाज उभा राहतो.

२००६ मध्ये क्योतो अ‍ॅनिमेशनच्या ‘सुझुमिया हारुही’च्या एंडिंगने चाहत्यांना नाचायला लावले. ‘हारे हारे युकाई’वरचे पात्रांचे नृत्य इतके नेमके रेखाटले होते की ते पाहून शिकता येई. यूट्यूब तेव्हा नुकतेच सुरू झाले होते आणि जगभरच्या तरुणांनी आपापल्या नाचाच्या फिती तिथे टाकल्या. २००९ च्या ‘बाकेमोनोगातारी’ने प्रत्येक नायिकेला तिच्या आवाजातले वेगळे ओपनिंग दिले. २०१६ मध्ये ‘जोजो’च्या चौथ्या पर्वात खलनायकाला काळ मागे फिरवण्याची शक्ती मिळते, आणि तो भाग येताच आठवड्यांपासून पाठ झालेले ओपनिंगही उलटे चालू लागते. पुनरावृत्तीची सवय आधी लावून मग ती मोडण्याचे याहून चोख उदाहरण सापडणे कठीण. २०२२ च्या ‘चेनसॉ मॅन’ने बारा भागांना बारा वेगवेगळ्या एंडिंग दिल्या आणि केन्शी योनेझु यांच्या ‘किक बॅक’वरचे शिंगो यामाशिता दिग्दर्शित ओपनिंग हॉलिवुडपटांना दिलेल्या मानवंदनांनी भरून टाकले.

या धावपळीत एक अपवाद ठळकपणे उभा आहे. ऑक्टोबर १९६९ पासून चालू असलेल्या ‘साझाए-सान’चे ओपनिंगचे गाणे आजवर बदललेले नाही. साझाए जपानच्या निरनिराळ्या भागांत फिरताना दिसते. चित्रे बदलत राहतात, गाणे तेच असते. पुनरावृत्ती किती दूरवर नेता येते, याचा हा पल्ला आहे.

भारतातील ओळख

भारतात या कलेचा पहिला व्यापक परिचय मूळ गाण्याविनाच झाला. निप्पॉन अ‍ॅनिमेशनच्या १९८९ च्या ‘जंगल बुक’ मालिकेचे हिंदी रूपांतर दूरदर्शनने नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दाखवले. त्यासाठी गुलजार यांनी नवे शीर्षकगीत लिहिले आणि विशाल भारद्वाज यांनी त्याला चाल दिली. महाराष्ट्रातल्या घराघरांत ते गाणे मुलांच्या तोंडी होते, आणि ती मालिका जपानी आहे याची फारच थोड्यांना कल्पना होती. गुलजारांचे शब्द स्वतंत्रपणे थोर आहेत. पण जपानी चित्रे ज्या सुरांवर कापली होती ते सूर मात्र भारतीय प्रेक्षकापर्यंत पोहोचले नाहीत. स्ट्रीमिंग आल्यावर परिस्थिती बदलली. संवाद हिंदीत ऐकले तरी ओपनिंग-एंडिंगची मूळ जपानी गाणी आता बहुधा तशीच राहतात. आज पुण्यातल्या, नागपुरातल्या किंवा पणजीतल्या प्रेक्षकाला ती जपानमधल्या प्रेक्षकाच्या बरोबरीने पाहता येतात.

स्ट्रीमिंगने दुसरीही गोष्ट आणली. ओपनिंग वगळण्याचे बटण पडद्यावर आले आणि एंडिंग सुरू होताच पुढचा भाग आपोआप लागू लागला. एकाच बैठकीत सहा भाग पाहणाऱ्याला हे सोयीचे वाटते. मात्र या सोयीत नुकसान आहे. आठवडाभराच्या अंतराने भेटणारी चित्रे मनात जी मुळे धरतात, ती अशा पाहण्यात धरत नाहीत, आणि श्रेयनामावलीतली नावे वाचलीच जात नाहीत.

२०२४ चे वर्ष

जपानी दूरचित्रवाणीचे वर्ष जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा चार तिमाह्यांत विभागलेले असते. प्रत्येक तिमाहीत डझनावारी नव्या मालिका येतात. २०२४ मध्ये या प्रवाहातून वर आलेली उदाहरणे प्रामुख्याने चार दिशा दाखवतात.

पहिली दिशा नृत्याची. जानेवारीत ‘मॅशल’च्या दुसऱ्या पर्वाबरोबर क्रीपी नट्स या जोडीचे ‘ब्लिंग-बँग-बँग-बॉर्न’ आले. जादूच्या जगात जादू न येणारा आणि केवळ स्नायूंच्या बळावर निभावणारा मॅश हा या मालिकेचा नायक आहे. वेगवान रॅपवर चेहऱ्याची रेषही न हलवता तो नाचतो. गाण्याचा वेग आणि चेहऱ्याची स्थिरता यांतली विसंगती हाच त्या पात्राचा स्वभाव असल्यामुळे, मालिका न पाहिलेल्यालाही तो दीड मिनिटात कळतो. हे नृत्य समाजमाध्यमांवर देशोदेशी पसरले आणि गाणे बिलबोर्ड जपानच्या वार्षिक यादीत पहिले आले. जुलैमधल्या ‘शिकानोको’ मालिकेच्या ओपनिंगने याच वाटेने पुढचे पाऊल टाकले. तिच्या गाण्यातल्या एका तुकड्याची पुन्हा पुन्हा फिरणारी चित्रफीत मालिका सुरू होण्याआधीच गाजली.

दुसरी दिशा जुन्या दृश्यभाषेच्या पुनर्भेटीची. ऑक्टोबरमध्ये आलेल्या ‘दान दा दान’चे ओपनिंग सायन्स सारू या स्टुडिओतील स्पॅनिश दिग्दर्शक आबेल गोंगोरा यांनी केले. गाणे पुन्हा क्रीपी नट्सचेच, ‘ओतोनोके’ नावाचे. ठसठशीत सपाट रंगांवर छायाकृती उमटतात आणि जपानी प्रेक्षकाला १९६६ च्या ‘अल्ट्रामॅन’ची सुरुवात आठवते. मालिकेत एकीचा भुतांवर विश्वास आहे, दुसऱ्याचा परग्रहवासीयांवर, आणि दोघेही खरे ठरतात. छायाकृतींमुळे भूत कोणते आणि परग्रहवासी कोण हे क्षणभर ओळखू येत नाही, आणि मालिकेचा सगळा गोंधळ व आनंद त्या क्षणात साठतो. ‘माकेइने’ या जुलैतील मालिकेने हीच दिशा एंडिंगमध्ये धरली. प्रेमात हरलेल्या नायिकांच्या आवाजात तिने जुनी गाजलेली गाणी नव्याने गाऊन घेतली. हितोमी यांचे २००० सालचे ‘लव्ह २०००’ आणि युई यांचे २००५ सालचे ‘फील माय सोल’ ही त्यांपैकी दोन. ज्या गाण्यांवर एक पिढी वाढली ती आजच्या मुलींच्या तोंडी आल्याने विरहाला काळाची खोली मिळाली.

तिसरी दिशा संयमाची. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्रीरेन’ने जानेवारीत योआसोबीच्या ओपनिंगच्या जागी योरुशिकाचे ‘हारू’ आणले. दानवराजाचा पराभव होऊन गेल्यानंतरचा काळ आणि हजार वर्षांहून अधिक जगलेली चेटकीण, हा या मालिकेचा विषय. पाऊस सरून उघडणारे आकाश हे नव्या गाण्याचे सूत्र तिला शोभते. ‘फ्रीरेन’ करणाऱ्या मॅडहाउस या स्टुडिओचीच ‘ची’ ही मालिका ऑक्टोबरमध्ये एनएचकेवर आली. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मानणाऱ्यांच्या छळाची ही पंधराव्या शतकातल्या युरोपात घडणारी कहाणी आहे. तिच्या ओपनिंगला साकानाक्शनचे ‘काइजू’ होते. हे गाणे पूर्ण स्वरूपात फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर कित्येक आठवडे श्रोत्यांकडे फक्त दीड मिनिटाची आवृत्ती होती, आणि ती अपुरी वाटली नाही. ज्ञानाची असोशी गाणाऱ्या या रचनेने छोट्या आकाराचे बळ दाखवून दिले.

चौथी दिशा भाषेच्या सीमा ओलांडण्याची. एप्रिलमधल्या ‘काइजू नंबर ८’ने ओपनिंगसाठी ब्रिटनचा यंगब्लड आणि एंडिंगसाठी अमेरिकेचा वनरिपब्लिक हा बँड निवडला, दोन्ही गाणी इंग्रजी. ही निवड जागतिक बाजारपेठेकडे पाहून केली आहे, हे स्पष्ट दिसते. तुलनेने, जानेवारीपासून २४ भाग सलग चाललेल्या ‘दंजोन मेशी’ने बम्प ऑफ चिकन, सुमिका आणि र्योकुओशोकु शाकाई यांसारख्या जपानी बँडवर भिस्त ठेवली आणि परदेशी प्रेक्षकांनाही तितकाच जीव लावला. जपानी भाषेतले गाणे जगात चालते हे ‘आयडॉल’ने २०२३ मध्येच दाखवले होते. अमेरिका वगळून काढल्या जाणाऱ्या बिलबोर्डच्या जागतिक यादीत पहिले स्थान मिळवणारे ते पहिले जपानी गाणे होते.

निवडीचे निकष

आवडत्या ओपनिंग-एंडिंगची यादी करताना सर्वांत मोठा मोह गाण्याच्या लोकप्रियतेमागे जाण्याचा असतो. गाणे उत्तम असूनही चित्रे केवळ पात्रांची रांग लावणारी असतील, तर ते गाण्याचे यश आहे, ओपनिंगचे नव्हे. म्हणून चार प्रश्न विचारणे उपयोगी ठरते. आवाज बंद करून पाहिले तरी चित्रांची लय जाणवते का? गाणे दुसऱ्या मालिकेला लावले तर तितकेच चालेल का, की ते याच कथेचे आहे? मालिका संपल्यावर पुन्हा पाहिले तर आधी न दिसलेले काही दिसते का? आणि एंडिंगच्या बाबतीत, भाग ज्या भावनेवर थांबला तिला ती सावरून घेते का?

या प्रश्नांवर ‘दान दा दान’ आणि ‘मॅशल’ यांचे ओपनिंग पहिल्या दोन बाबतींत भक्कम उतरते, ‘फ्रीरेन’ तिसऱ्या बाबतीत आणि ‘माकेइने’ चौथ्या बाबतीत. चारही कसोट्यांवर एकच कृती सर्वश्रेष्ठ ठरावी असा आग्रह धरण्याचे कारण नाही. नृत्याने लोकांना उठवणारे ओपनिंग आणि रात्री उशिरा शांतपणे ऐकायची एंडिंग यांची स्पर्धा लावून हाती काही लागत नाही. प्रत्येकीने आपल्या मालिकेसाठी काय केले, हे पाहणे अधिक न्यायाचे.

अशा यादीत चित्रकारांची आणि दिग्दर्शकांची नावे गायकांइतक्याच ठळकपणे यायला हवीत. गायकाचे नाव ध्रुवपदाबरोबर जगभर पोहोचते. चौकटी मोजून ते ध्रुवपद पडद्यावर आणणाऱ्याचे नाव दोन-तीन सेकंदांपुरते खालच्या कोपऱ्यात दिसते. वगळण्याचे बटण न दाबता ते वाचणे, आणि तेच नाव पुढच्या तिमाहीत दुसऱ्या मालिकेच्या ओपनिंगमध्ये ओळखू येणे, हा या कलेचा जाणकार होण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.